मला पथ्य आहे

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हा दोघांना वाचायला सोपं गेलं असतं, हे मला कळतं. चौतीस वर्षं मी मुलींना इंग्रजीच शिकवलं. पण ज्या एका शब्दापायी हे सगळं झालं, त्याला इंग्रजीत नीट शब्द नाही. 'डाएट' म्हटलं की चुकतं, आणि त्याच चुकीची ही हकीकत आहे. म्हणून सावकाश वाचा. अडलं तर आईला विचारा.

आधी आकडे सांगते. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी माझं वजन एकोणऐंशी किलो होतं. तुमच्या पणजीचं, म्हणजे माझ्या मायचं, त्याच आठवड्यात चव्वेचाळीस होतं. आखाजीच्या सुमाराला माझं सत्तर झालं आणि तिचं अडतीस. (आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आपल्याकडे खानदेशात तिला आखाजीच म्हणतात.) हे सगळे आकडे एकाच वहीत, समोरासमोरच्या पानांवर, माझ्याच अक्षरात आहेत. डावीकडचं पान माझं, उजवीकडचं मायचं. मी दर सोमवारी दोन्ही पानं भरत होते आणि एकच वाचत होते.

वजन कमी करायचं ते मिरवायला नव्हे. माय अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी धुळ्याला तुमच्या आईच्या मामाकडे, म्हणजे माझ्या भावाकडे, तिचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती माझ्याकडे जळगावला आहे. भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि तो आणि वहिनी दोघंही सकाळी नऊला बाहेर पडतात. मधे एकदा महिनाभर तिला तिथे ठेवून पाहिलं होतं. महिन्याने मी आणायला गेले तेव्हा ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली होती आणि मला ओळखायला तिला थोडा वेळ लागला. इथे आल्यावर आठ दिवसांत ती वॉकर धरून ओट्यापर्यंत यायला लागली. त्यामुळे पुन्हा तिकडे पाठवायचं नाही, हे भावाने आणि मी न बोलता ठरवून टाकलं होतं.

पण पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर तिला उचलावं लागतं. दिवसातून सहा-सात वेळा. ती माझ्या मानेला हात घालते, मी तिच्या काखेतून हात नेऊन पाठीवर बोटं गुंफते, एक-दोन-तीन म्हणते आणि उठते. तिसऱ्या अंकाला माझ्या गुडघ्यांतून आवाज यायचा. दिवाळीत मी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी फोटो दिव्यावर धरून सांगितलं की दहा किलो कमी करा, मग काही वर्षं ढकलता येईल. नाही तर ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर तीन महिने कुणाला उचलायचं नाव काढायचं नाही. भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अक्का, तुझे गुडघे गेले तर माय कुठे जाईल गं?"

दहा किलोंना हा अर्थ होता.

तुम्ही मागच्या उन्हाळ्यात आणलेला काचेचा वजनकाटा मी माळ्यावरून काढला आणि न्हाणीघराच्या दारापाशी ठेवला. मायला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. तिचं सगळं आयुष्य कापसाच्या शेतात गेलं. काटा म्हणजे तिच्या मनात जिनिंगचा काटा, जिथे गाडी उभी राहते. "काट्यावर कापूस चढस, मानूस नही," असं ती आपल्या अहिराणीत म्हणाली. माणसाचं वजन करू नये, केलं की ते घटतं, अशी तिची समजूत. लहानपणी भावाचं वजन करायला आलेल्या नर्सला तिने ओसरीवरूनच परत पाठवलं होतं. मी हसले आणि काट्यावर चढले. निळे आकडे लागले. ती खुर्चीतून माझ्या पायांकडे बघत होती. दर सोमवारी माझ्यानंतर तिलाही मी धरून काट्यावर उभं करायचे, ती डोळे मिटून घ्यायची.

त्याच संध्याकाळी मी सहा वाजता वाटीभर मुगाचं कढण प्यायले आणि ताट घेतलं नाही. तिने विचारलं, जेवत का नाहीस? इथे मला नीट उत्तर द्यायला हवं होतं. पण गुडघ्यांचं सांगितलं असतं तर उचलताना तिला संकोच वाटला असता. मग ती पाणी कमी प्यायली असती, म्हणजे सारखं उठवावं लागू नये. तिने ते पूर्वी केलं होतं. 'डाएट' म्हणावं तर तिला तो शब्द कळत नाही. आणि मी बारीक व्हायचं ठरवलंय असं म्हणाले असते तर सदुसष्टाव्या वर्षी हिला काय सुचलं म्हणून तिने शेजारीपाजारी हसं केलं असतं. मला एक सभ्य, जुना, तिच्या ओळखीचा शब्द हवा होता. मी म्हटलं, "मला पथ्य आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"कसानं पथ्य?" ती म्हणाली. म्हणजे कशाचं?

मी म्हटलं, काही विशेष नाही. थोडे दिवस.

तिने पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, बरं झालं, सुटले.

माझी योजना सोपी होती. सकाळी सहाला गल्लीच्या टोकापर्यंत सहा फेऱ्या. दुपारी एक भाकरी, भाजी, काकडी. सहाला कढण. सहानंतर काही नाही. गोड नाही, तळलेलं नाही, शेवभाजी नाही. शेवभाजी सोडणं म्हणजे काय, हे खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगून समजायचं नाही. पहिले पंधरा दिवस जड गेले. सगळ्यात जड जायचं ते मायचं रात्रीचं जेवण. तिला साडेसातला कळण्याची भाकरी लागते, ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली. सोबत ठेचा आणि वर तेलाची धार. ती भाकरी तव्यावर फुगली की सगळं घर भुकेलं होतं. मी ताट वाढून तिच्या पुढ्यात ठेवायचे आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचे, पाठ करून, बातम्या लावून. अर्ध्या तासाने जाऊन विचारायचे, झालं का? ती म्हणायची, "व्हयनं." झालं. ताट रिकामं असायचं. मी ते उचलून घासायला टाकायचे आणि वहीत उजव्या पानावर लिहायचे: भाकरी एक, वरण एक वाटी.

सहा महिने मी असं लिहिलं. ती जेवताना एकदाही पाहिलं नाही, कारण मला भूक लागायची. हे तुम्हाला स्पष्ट सांगितलं पाहिजे.

संक्रांतीपर्यंत साडेतीन किलो उतरले. फाल्गुनात सहा झाले. गुडघे बोलायचे थांबले. आणि मायला उचलणं सोपं होऊ लागलं. 'तीन' म्हणायच्या आतच ती वर यायची. मी भावाला फोनवर अभिमानाने सांगितलं की आता मी तिला एका दमात उचलते, पाटीभर वैरण उचलावी तशी. तो म्हणाला, अक्का, कुस्तीच्या फडात नाव दे. आम्ही दोघंही हसलो. माझ्या हातांत तिची पाठ असायची, बोटांना मणके एकेक लागायचे, आणि मला वाटत होतं की ही माझी ताकद आहे.

याच सुमाराला ती विचित्र वागू लागली. निदान मी वहीत तसं लिहिलं.

सकाळी फिरून आले की ती मला जवळ बोलवायची आणि माझ्या डोळ्यांची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघायची. नखं दाबून बघायची. उलटी होते का, असं विचारायची. शिंप्याकडून ब्लाउज बारीक करून आणले, तर ते तिने मांडीवर घेतले आणि दोन बोटं घालून आत वळवलेली शिवण मोजली. माझ्या उशीखाली एकदा काळा दोरा सापडला, एकदा कागदात बांधलेली राख. मी दोन्ही टाकून दिलं. एका दुपारी तिने कपाटातली माझी नऊवारी, तुमच्या आईच्या लग्नात नेसलेली, काढायला लावली आणि नीट घडी घालून वेगळी ठेव म्हणाली. कशाला, तर, सापडायला बरी. कुणाला सापडायला, असं मी विचारलं नाही.

मग तिने भावाला फोन लावायला सांगितला. मी लावून दिला आणि भाजी बघायला गेले. संध्याकाळी भावाचा मला फोन. हसत होता. "माय म्हणते, 'ती बठ्ठं लपाडस.' सगळं लपवतेस म्हणे तू. काय लपवतेस गं, श्रीखंड?" मी पण हसले. मग त्याने विचारलं की मायचं डोकं ठीक आहे ना. मी म्हटलं, मलाही तीच शंका आहे.

वहीत उजव्या पानावर मी लिहिलं: संशय, विस्मरण? डॉक्टरांना विचारणे.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे चैत्रात नेलं. रिक्षात ती माझा हात धरून बसली होती. मला वाटलं तिला भीती वाटते, म्हणून मी तिचा हात थोपटत राहिले. आता आठवतं, थोपटत तीही होती. डॉक्टरांनी वार, महिना, साल विचारलं. तिने तिथी सांगितली, नक्षत्र सांगितलं, वर त्यांना म्हणाली की उद्या एकादशी आहे, तुमच्या आईला उपास असेल. शंभरातून सात वजा करत जा म्हटल्यावर ती शहाऐंशीच्या पुढे चुकली, तर मीही तिथेच चुकले असते. मग ती त्यांच्याकडे वाकून म्हणाली, "मन्हं काय देखतस, डागदर? हिन्हं देखा." माझं काय बघता, हिचं बघा.

डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. त्यांनी तिला काट्यावर उभं करायला लावलं. ती डोळे मिटून चढली. अडतीस. दिवाळीतला आकडा त्यांच्या कागदावर होताच. त्यांनी भुवया वर केल्या आणि जेवण कसं आहे ते विचारलं. मी पर्समधून वही काढून दाखवली. रोज एक भाकरी, एक वाटी वरण, एकही दिवस सुटलेला नाही. ते म्हणाले, इतकी नीट नोंद फार कमी लोक ठेवतात. वय आहे, उन्हाळा आहे, असं होतं. पावडर लिहून दिली. मी समाधानाने वही मिटली.

आखाजीच्या सकाळी कळलं. धुण्याभांड्याला आणि मायच्या अंघोळीला येणारी बाई मुक्ताईनगरकडची आहे, बोलण्यात मोकळी. त्या दिवशी ती लवकर आली होती, कारण तिच्याही घरी सण. जाताना ती मला म्हणाली, "ताई, आजीचा डबा द्या ना लवकर, गाय सुटून जाईल."

कोणता डबा?

बाईला वाटत होतं मला माहीत आहे. मग तिने मायच्या उशाशी ठेवलेल्या गोधडीआडून एक जुना पितळी डबा काढला. झाकण उघडलं. आत रात्रीची अर्धी भाकरी होती, आणि भाकरीवर वरण ओतलेलं, घट्ट झालेलं. बाई म्हणाली की दिवाळीनंतर लागलीच आजीने सांगितलं, रोज हे गल्लीतल्या गाईला घालायचं, तुमच्या नावाने. "तुमचं दुखणं उतरू दे म्हणून. मला वाटलं तुमचाच नवस आहे." आधी पाव भाकरी असायची. गेले दोन महिने अर्धी. कधी कधी सगळी.

मी डबा धरून उभी राहिले. मला कसलं दुखणं, हे बाईला विचारायचं तोंडावर आलं होतं. पण तिने ज्या नजरेने माझ्या गळ्याच्या हाडांकडे पाहिलं, ती बघून विचारलं नाही.

आखाजीला आपल्याकडे पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, वर आंबा आणि सांजोरी. उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढायचं आणि दर बोटाला घरातल्या एकेका गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. तुमचे आजोबा गेल्यापासून घागर मीच भरते. त्या सकाळी मी सासऱ्यांचं, सासूबाईंचं, तुमच्या आजोबांचं बोट ओढलं. माय दाराशी खुर्चीत बसली होती. तिने कुंकवाची वाटी मागितली. तिला वाकता येत नाही, म्हणून तिने चौकटीवरच, तिच्या खांद्याच्या उंचीवर, एक बोट ओढलं. लेकीच्या घरी माहेरच्या पितरांचं बोट कोणी ओढत नाही. मी तिला तसं म्हणणारही होते. मी घागरीशेजारचं नैवेद्याचं पान सरळ करत होते, तिला वाटलं मी आत गेले. ती चौकटीला म्हणाली:

"बहीन, हाई पोरले ऱ्हाऊ दे. माले लई जाय."

पोर म्हणजे मी. या पोरीला राहू दे, मला घेऊन जा.

तिला एकच बहीण होती. माझी मावशी. मी चौदा वर्षांची असताना ती आमच्या गावी, धुळ्याजवळ, राहायला आली. चार महिने होती. आमच्या मागच्या खोलीत तिची बाज असायची. तिच्यासाठी झाकणाची पितळी वाटी वेगळी होती, तिच्यातून मुगाचं पाणी जायचं आणि बरंचसं परत यायचं. मी शाळेतून आले की ती मला इंग्रजी कविता म्हणायला सांगायची, अर्थ कळत नसताना ऐकत राहायची. अंगावरचं लुगडं तिला दर आठवड्याला मोठं होत होतं. मग ती गेली. तिला काय झालं होतं, हे आम्हा मुलांना कधीच कुणी सांगितलं नाही. नाव घेतलं तर रोग वळून बघतो असं मोठी माणसं मानत. मला वाटी आठवत होती, कविता आठवत होती. पाहुण्यांना दारात काय सांगितलं जायचं, ते मात्र मी विसरले होते.

माय विसरली नव्हती.

मी डबा घेऊन तिच्यासमोर खाली बसले. सगळं सांगितलं. गुडघे, ऑपरेशन, दहा किलो, तिसरा मजला. वहीतलं डावं पान दाखवलं. दर सोमवारचे आकडे तिला वाचून दाखवले, जसं काही खाली येणारे आकडे बघून तिचा जीव भांड्यात पडणार होता. मला काही झालेलं नाही, मी मुद्दाम केलंय, असं दोन-तीनदा म्हणाले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुन्ही मावशीलेबी पथ्यच व्हतं," ती म्हणाली.

तेव्हा आठवलं. दारात येणाऱ्या प्रत्येकाला माझी आजी हेच सांगायची. काही नाही, पथ्य आहे. थोडे दिवस. आणि मावशी स्वतःही हेच म्हणायची, हसून, कारण तिलाही दुसरं काही सांगितलेलं नव्हतं. त्या घरात तो शब्द दुखण्याला नव्हताच. आता पुढे काही विचारू नका, असं सांगायला होता. मी तोच शब्द, तसाच, तेवढ्याच सहजतेने मायला सांगितला होता. आणि नंतर जे जे म्हणाले, काही नाही, थोडे दिवस, मी ठणठणीत आहे, ते सगळं तिने एकदा ऐकलेलं होतं. मी जितकं समजावत होते तितकी तिची खात्री होत होती. चौतीस वर्षं मी मुलींना शब्दांचे अर्थ सांगितले.

मी म्हटलं, मग तुला पटायला मी काय करू?

"तू जेव, मंग मी जेवसू."

तू जेव, मग मी जेवीन. सौदा साधा होता. मी नाही म्हणू शकत नव्हते. तिच्या हाडांवर आता काढून द्यायला काही राहिलं नव्हतं, आणि माझ्याकडून ती शपथ घेणार नव्हती, फक्त ताट घेणार होती.

त्या दिवशी आम्ही एका ताटात जेवलो. आमरस, सांजोरी, कुरडई. मी सहा महिन्यांनी गोड खाल्लं. ती माझा घास तोंडात जाईपर्यंत थांबायची आणि मग आपला घ्यायची. त्या रात्रीपासून बाहेरची खोली बंद, बातम्या बंद. साडेसातला कळण्याच्या दोन भाकरी, दोघींच्या. मी तेल वाढून घेते. शेवभाजीही केली. पितळी डबा घासून बाईला देऊन टाकला. फेऱ्या तेवढ्या चालू ठेवल्या, त्याही तीनच, कारण माय म्हणाली चालू नको म्हणून.

पंधरा दिवसांत मायचं वजन अर्ध्या किलोने वाढलं, महिन्याने दीड. डॉक्टर खूश झाले. आता तिच्या गालावर जरा लाली दिसते. भाऊ येऊन गेला, तिला हसवून गेला, आणि जाताना दारात मला म्हणाला की तू मात्र आता पुरे कर हं, छान बारीक झालीस.

मी पुरे केलं होतं. मी महिनाभर दोन्ही वेळ पोटभर जेवत होते.

पहिल्या सोमवारी काट्यावर चारशे ग्रॅम कमी दिसले तेव्हा मी डाव्या पानावर लिहिलं: उन्हाळा. बाहेर पंचेचाळीस अंश होते, घामाने माणूस सुकतंच. दुसऱ्या सोमवारी आणखी पाचशे. मी लिहिलं: फेऱ्यांचा परिणाम उशिरा दिसतो. तिसऱ्या सोमवारी दहा किलो पूर्ण होऊन वर गेले. ज्या आकड्याकडे मी सहा महिने चालत होते, तो मी चालायचं थांबवल्यावर मागे पडला. हाडांचे डॉक्टर अभिनंदन म्हणाले, तुमच्यासारखा पेशंट शंभरात एक. चौथ्या सोमवारी मी कारणाच्या जागी काही लिहिलं नाही. काटा बिघडला असेल म्हणून गव्हाचा पाच किलोचा पुडा त्याच्यावर ठेवून पाहिला. पाच दाखवले.

मायला मी हे आकडे सांगितलेले नाहीत. तिला ते लागतही नाहीत. ताटावर बसलं की ती माझ्या मनगटाकडे बघते. मागच्या आठवड्यात तिथली बांगडी मी कोपरापर्यंत सरकवून ठेवली होती, हातात राहावी म्हणून. तिने ती हळूच खाली ओढून पाहिली आणि सोडून दिली. आपली भाकरी मात्र तिने पूर्ण खाल्ली, शेवटच्या तुकड्याने ताट पुसून. सौद्यातली तिची बाजू ती पाळते आहे. चौकटीवरचं कुंकवाचं बोट मी पुसायला गेले तर राहू दे म्हणाली.

या सोमवारी रक्त तपासायला दिलं, मंगळवारी पोटाची सोनोग्राफी झाली, आणि डॉक्टरांनी अजून एक तपासणी लिहून दिली. तिचा रिपोर्ट गुरुवारी यायचा आहे. तो बघून मग लिहावं, असं आधी ठरवलं होतं. पण मग विचार केला, या घरात सगळं नेहमी नंतरच सांगितलं गेलं. म्हणून हे कागद रिपोर्टाच्या आधी पाठवते आहे. त्यात जे असेल, त्याला जे नाव असेल, ते मी तुम्हाला त्याच नावाने कळवीन. काही नसेल तरी तसंच. मायला तर तुमच्या आधी सांगेन, तिच्या शेजारी बसून, तिच्या बोलीत. 'पथ्य' हा शब्द मी पुन्हा वापरणार नाही. तुम्हीही कधी, आईला किंवा एकमेकांना, तो शब्द सांगून दार लावून घेऊ नका.

आज सकाळी मायला पलंगावरून खुर्चीत घेतलं. तिने मानेला हात घातले, मी पाठीवर बोटं गुंफली, एक-दोन-तीन म्हटलं आणि उठता आलं नाही. गुडघे ठीक होते, आवाज नव्हता. पुन्हा तीन म्हटलं. दुसऱ्या खेपेला ती वर आली, पण तिने आपल्या हातांनी माझी मान घट्ट धरून ठेवली होती, पडणारं माणूस दुसरंच असावं तशी.

माय जड झाली आहे, असं मी मनाशी म्हटलं. मग वही उघडून पाहिली. दीड किलोने कोणी एवढं जड होत नाही.